इंग्रजी कापणारी माणसं

थर्माकोल कापणाऱ्याच्या घरातून दोन गोष्टी झाडून निघत नाहीत. एक, थर्माकोलचे दाणे. झाडू मारला की झाडूलाच चिकटतात, झाडू झटकला की लुंगीला. दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. एक सांगून मोकळं व्हावं म्हटलं तर त्याच्या खालून दुसरा निघतो. बायको होती तेव्हा म्हणायची, दोन्ही घराबाहेर ठेवून या. जमलं नाही. तुम्हाला ऐकायचे तर ऐका, नाहीतर चहा पिऊन निघा. मला फरक पडत नाही.

आधी धंदा सांगतो. फंक्शन हॉलमध्ये नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागं मोठ्या चमकत्या अक्षरांत 'श्रीनिवास वेड्स सिरीषा' लिहिलेलं असतं ना, ती अक्षरं आम्ही करतो. दुकान कोठी भागात, गल्लीच्या पोटात. ख्वाजामियाँ गरम तारेनं अक्षरं कापतो. यादम्मा त्यांना चमकी लावते, आणि हॉलवर जाऊन शिडीवर चढून टांगतेही तीच. मी गिऱ्हाईक बघतो आणि या दोघांवर ओरडतो. ओरडणंही काम आहे. करून बघा.

आमचं शिक्षण म्हणाल तर मी मराठी तिसरी. चौथीत मास्तर आणि मी, दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला. ख्वाजा उर्दू वाचतो. यादम्माला तेलुगूत बसची पाटी वाचता येते, तीही बस थांबलेली असली तर. इंग्रजी तिघांपैकी कुणालाच नाही. आम्हाला इंग्रजी वाचता येत नाही, कापता येतं.

गिऱ्हाईक चिठ्ठी देतं. ख्वाजा चिठ्ठीतल्या आकारासारखे आकार पोत्यांतून काढतो, प्रत्येक अक्षराचं वेगळं पोतं आहे, आणि खोक्यात भरतो. खोकं रिक्षात बसून हिंदकळत हॉलवर जातं. पोचेपर्यंत आतल्या अक्षरांनी आपापसांत जागा बदललेल्या असतात. सगळी भानगड तिथं. आपल्या भाषेत अक्षर इकडचं तिकडं झालं की कुणालाही कळतं, हे चुकलंय. इंग्रजीत चुकलेल्यालाही काहीतरी अर्थ असतोच. ही काय भाषा झाली?

हे मी सुनेला ऐकवलं. केतकी पुण्याची, आयटीत आहे. ती म्हणाली, "बाबा, आणि आपलं कमल आणि कलम?"

फार शिकलेल्या माणसाशी बोलू नये.

असो. एकेक करून सगळे हॉल फ्लेक्सवाल्याकडं गेले. कुकटपल्लीतला एक तेवढा आमच्याकडं राहिला. त्याचे मालक रेड्डीगारू, म्हणजे आपल्यात रेड्डीसाहेब. त्यांचं इंग्रजी आमच्याइतकंच, पण त्यांच्या मॅडम इंग्रजीच्या एम.ए. लग्नाआधी कॉलेजात शिकवायच्या. लग्नानंतर रेड्डीगारूंनी त्यांना हॉलच्या काउंटरवर बसवलं. "घर का धंदा छोड़ के दूसरों के बच्चों को कायकू पढ़ाना?" तेव्हापासून मॅडम आमचे पेपर तपासतात. त्यांनी चूक पकडली की रेड्डीगारू म्हणायचे, "किशनराव, और एक हुई तो फ्लेक्स."

तो हॉल गेला की आम्ही तिघं घरी. या वयात आम्हाला वॉचमन म्हणूनही कुणी ठेवत नाही. वॉचमनलाही आता गेटवर मोबाइलमध्ये पाहुण्याचं नाव इंग्रजीत टाकावं लागतं. त्यामुळं खोक्याबरोबर आमचं पोटही रिक्षात हिंदकळायचं.

*

एका बिल्डरच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. चिठ्ठीत लिहिलं होतं 'अवर लिटल एंजल'. शेवटच्या ई आणि एल यांनी जागा बदलल्या आणि भिंतीवर लागलं 'अवर लिटल अँगल'.

मॅडम काउंटर सोडून आल्या. "किशनराव, ये क्या लगाए?"

"क्या हुआ मॅडम?"

"एंजल होना था. ये अँगल है."

अँगल मला चांगला ठाऊक. लोखंडाचा येतो, शेडला लागतो. मी म्हणालो, "अँगल तो अच्छी चीज है मॅडम. पत्र्याचा सगळा भार तोच घेतो."

"एंजल मतलब परी," मॅडम म्हणाल्या.

"परी कुणी बघितली?" हे मी मराठीत म्हणालो, पण त्यांना कळलं असावं.

यादम्मा शिडी आणायला निघाली तेवढ्यात बिल्डर स्वतः आला. पोरगी कडेवर. त्यानं वर बघितलं, पोरीकडं बघितलं. म्हणाला, "रहने दो मॅडम. एंजल इस कॉलनी में घर-घर में है. अँगल मेरे एक के घर में."

मॅडमनी तरी ती चूक धरलीच.

*

ख्वाजाचा हात उर्दूचा. उजवीकडून डावीकडं. कापताना फरक पडत नाही, टांगताना पडतो, म्हणून मी त्याला हॉलवर नेत नाही. पण एकदा यादम्माचा गुडघा धरला आणि नाइलाजानं त्याला नेलं. काम बारकं होतं. गेटवर 'नो पार्किंग' लावायचं.

पार्किंग त्यानं बरोबर लावलं, कारण चिठ्ठी समोर धरून एकेक आकार जुळवत बसला होता. 'नो' काय, दोन अक्षरांचं. ते त्यानं चिठ्ठी न बघता, सवयीनं, उजवीकडून लावलं. झालं 'ऑन पार्किंग'.

संध्याकाळी वरात आली. गेटसमोर गाड्यांची ही रांग. घोड्याला आत जायला वाट नाही. नवरदेव घोड्यावर, घोडा रस्त्यावर, बँडवाले नाल्याच्या कडेला. रेड्डीगारू एका ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेले. "बोर्ड नहीं पढ़े क्या?"

"पढ़ केच लगाया साब. पार्किंग ऑन है बोलके लिखे."

आम्हाला बोलावणं आलं. ख्वाजा शांतपणे बोर्डाच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. "इधर से पढ़ो रेड्डी साब. इधर से बराबर है."

मग रेड्डीगारू उजवीकडं जाऊन उभे राहिले. बँडमास्तरही जाऊन बघून आला. सगळ्यांचं म्हणणं पडलं की तिकडून ठीक दिसतंय. घोडा मात्र कुठल्याच बाजूनं वाचायला तयार नव्हता.

*

आमच्याकडं एसचं पोतं कायम रिकामं. या शहरात सगळे श्रीनिवास, सिरीषा, साई, स्वाती. एका लग्नात चार-चार एस खर्ची पडतात. क्यूचं पोतं घ्या, दुकान उघडलं तेव्हापासून भरलेलं आहे. उंदरांनी त्यात दोनदा संसार केला.

तर एका रिसेप्शनला जेवणाच्या काउंटरवर पाट्या लावायच्या होत्या. गोडाच्या काउंटरवर 'डेझर्ट'. त्यात म्हणे दोन एस लागतात. आमच्याकडं एकच. यादम्मा म्हणाली, "सार, एक जैसेच दो कायकू? एक से काम चलता." मलाही पटलं. जोडीतलं एक काढलं तर काय बिघडतं?

पाटी लागली. आणि नेमका केटररचा डबल का मीठा वाटेत कुठंतरी अडकला. काउंटरवर नुसत्या वाट्या आणि चमचे. पाहुणे यायचे, रिकामी वाटी उचलायचे, इकडंतिकडं बघून परत ठेवायचे.

मॅडमनी पाटी बघितली आणि कपाळाला हात लावला. "एक एस कम है. ये रेगिस्तान हो गया."

केटररनं ते ऐकलं. आधीच पेटलेला होता, आमच्यावर उखडला. "मेरे काउंटर को रेगिस्तान बोलते? मेरी बेइज्जती?"

हातात वाटी घेऊन बराच वेळ उभे असलेले एक म्हातारे पाहुणे होते. ते म्हणाले, "बोर्डवालों को कायकू चिल्लाते मियाँ? उनको जो दिखा सो लिखे."

*

सिकंदराबादची कामं यायची तेव्हाची गोष्ट. एक सुभेदार निवृत्त झाले होते. साताऱ्याकडचे, मिशी अशी की दोन्ही टोकांना टॉवेल वाळत घालावा. घरासमोर मांडव घातला, पलटणीतले लोक जेवायला बोलावले. मागं लावायचं होतं 'प्राउड ऑफ इंडियन आर्मी'.

आर्मीची चार अक्षरं. त्यातला एम उडी मारून पुढं जाऊन बसला. लागलं 'प्राउड ऑफ इंडियन मेरी'.

पलटणीतले लोक आले, वाचलं, एकमेकांना कोपर मारलं. फौजेतली माणसं, वरिष्ठासमोर हसत नाहीत. सगळ्यांच्या माना खाली. सुभेदारांना वाटलं, आपण जातोय म्हणून पोरं गहिवरली.

मग सुभेदारांच्या बाई पदर खोचून बाहेर आल्या. त्यांच्या मुलीनं आत जाऊन काय लिहिलंय ते सांगितलं असणार. बाईंनी एकदा वर बघितलं. एकदा नवऱ्याकडं.

"तरीच म्हटलं," त्या म्हणाल्या, "दर दिवाळीला सुट्टी कशी काय रद्द व्हायची."

*

केतकी घरून काम करते. काम म्हणजे खोलीचं दार लावून दिवसभर कुणाशी तरी बोलणं. माझ्या खोकल्याचा तिला त्रास. टीव्हीचाही, आणि मी फोनवर ख्वाजाशी बोलतो त्याचा तर फारच. ती म्हणते, "बाबा, ख्वाजाचाचांना तुमचं बोलणं फोनशिवायही ऐकू जाईल."

एकदा म्हणाली, "माझ्या दारावर लावायला अक्षरं करून द्या ना. 'क्वाएट प्लीज' एवढंच."

मला आनंद झाला, क्यूचं पोतं पहिल्यांदा उघडायला मिळणार. उंदरानं न कुरतडलेला एक क्यू शोधला, घरच्या कामाला सोनेरी चमकी लावली आणि मीच चिकटवलं.

दुपारी ती बाहेर आली. "बाबा, शेवटची ई आणि टी उलटी लागलीत. क्वाएट म्हणजे शांत. हे क्वाइट झालं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... बऱ्यापैकी."

बरं म्हटलं, सवडीनं दुरुस्त करू. तिसऱ्या प्रहरी मला खोकल्याची उबळ आली. ती दार उघडून बाहेर. "बाबा, अमेरिकेतल्या लोकांनी विचारलं, घरात काय पडलं म्हणून."

मी दाराकडं बोट केलं. "नियमानं चाललोय. बऱ्यापैकीच खोकलो."

ती पाटी तिनं दुरुस्त करू दिली नाही. काढूनच टाकली.

*

हे पुढचं इंग्रजी म्हणता येणार नाही, पण अक्षरं इंग्रजीच होती. मुलीचं नाव माया, मुलाचं सुधीर. एम आणि वायनं जागा बदलल्या. स्टेजवर 'यमा वेड्स सुधीर'.

इतर वेळी निदान एवढं असतं की निम्म्या लोकांना इंग्रजी कळत नाही. यम सगळ्यांना कळतो. तेलुगू, मराठी, मारवाडी, सगळ्यांच्या घरी येणारा पाहुणा. मुलीची आई रडायला लागली. भटजी म्हणाले, शांत करावी लागेल. मुलाची आजी खुर्ची वळवून पाठ करून बसली.

यादम्मा शिडीवर चढली तर खालून नवरी म्हणाली, "आंटी, आराम से करो. सुधीर को अभी से मालूम हो जाने दो."

सुधीर हसला. अजून हसतो की नाही, माहीत नाही.

लोक हसले, पण रेड्डीगारू हसले नाहीत. त्यांचं 'और एक' बरेच दिवस लांबत आलं होतं. आता दुसऱ्याच दिवशी त्यांनी फ्लेक्सवाल्याला बोलावलं. तो पोरगेला माणूस आमच्यादेखत टेप लावून स्टेजचं माप घेऊन गेला. ख्वाजा टेपकडं असा बघत होता, जसं कुणी त्याचंच माप घेतंय. रिक्षात म्हणाला, "राव, मेरे को इस तार के सिवा कुछ नहीं आता." यादम्मा बाहेर बघत बसली.

*

तर फ्लेक्सची ऑर्डर द्यायच्या आधी रेड्डीगारूंनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. हॉलमध्येच मोठा कार्यक्रम.

"'हॅपिली युनायटेड' लिखना. मेरा भांजा बोला, अच्छा रहता. मेडम को नक्को बताओ, सरप्राइज है." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सब के सामने मैं मेडम कोच पढ़ाऊँगा. गलती निकली तो उसी दिन से फ्लेक्स. नहीं निकली तो जब तक मैं हूँ, तुम्हारा काम पक्का."

म्हणजे परीक्षा, आणि तपासणारी घरचीच.

आम्ही काय काळजी घेतली विचारू नका. ख्वाजानं सगळी अक्षरं नवी कापली. वर्तमानपत्रावर ओळीनं मांडली. मी चिठ्ठी धरून एकेक आकार ताडून बघितला. मग शब्दातली अक्षरं हलू नयेत म्हणून त्यांच्या मागून दोरा ओवला. खोकं यादम्मानं मांडीवर घेतलं. रिक्षावाल्याला म्हणालो, बाळंतीण बसलीय असं समजून चालव.

त्यानं चालवलं तसंच. खड्डा रस्त्याचा होता.

युनायटेडमध्ये आय आणि टी शेजारी शेजारी असतात. आय म्हणजे नुसती उभी काडी. टी म्हणजे तीच काडी, डोक्यावर एक आडवी. खड्ड्यात ती आडवी निखळली, तिच्या धक्क्यानं दोराही तुटला. यादम्मानं शिडीवर चढून बघितलं तर खोक्यात दोन सारख्या उभ्या काड्या आणि एक टोपी. तिनं काड्या शेजारी शेजारी लावल्या. टोपीला गोंद लावला आणि पहिल्या काडीच्या डोक्यावर बसवली. टोपी काय, कुणाच्याही डोक्यावर चालते.

खालून बघितलं तर झकास दिसत होतं. तरी मी फोटो काढून केतकीला पाठवला. ती मीटिंगमध्ये. उत्तर नाही. पाहुणे भरले. रेड्डीगारू सुटात, मॅडम जरीच्या पट्टुसाडीत, दोघं अगदी त्या अक्षरांखाली खुर्च्यांवर बसले. तेव्हा फोन आला.

"बाबा, काढा ते आधी."

"काय झालं?"

"युनायटेड म्हणजे एक झालेले, जोडलेले. तिथं अनटाइड झालंय. म्हणजे गाठ सुटलेले, मोकळे. हॅपिली अनटाइड. आनंदानं सुटलो, असं लिहिलंय तिथं."

"एका काडीनं?"

"एका काडीनं. काढा, बाबा."

मी यादम्माला खूण केली. ती शिडी घेऊन स्टेजच्या कडेपर्यंत पोचली. रेड्डीगारू म्हणाले, "अब सीढ़ी नक्को यादम्मा, फोटो चल रहे." ख्वाजा माझा दंड धरून उभा होता. अर्थ मी त्याला सांगितला नव्हता. माझ्या तोंडावरून त्याला कळला असावा.

रेड्डीगारूंनी माइक घेतला. तेलुगूत काहीतरी बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बायकोकडं वळून म्हणाले, "मेडम, आज तुम पढ़ो. सब के सामने गलती निकालो."

मॅडम उठल्या. वळून वर बघितलं. पर्समधून चष्मा काढला, लावला, पुन्हा बघितलं. मी मनातल्या मनात पोती विकायला काढली.

"बोलो," रेड्डीगारू म्हणाले. "सब बराबर है ना?"

मॅडमनी चष्मा काढला. घडी करून पर्समध्ये ठेवला. एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा शिडी धरून उभ्या असलेल्या यादम्माकडं.

"हौ जी," त्या म्हणाल्या. "पहली बार एकदम बराबर लिखे."

रेड्डीगारूंनी तिथंच माइकवर सांगून टाकलं, फ्लेक्स कॅन्सल. ख्वाजानं माझा दंड सोडला. वळ दोन दिवस होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सामान उतरवायला गेलो. मॅडम काउंटरवर होत्या. यादम्माला म्हणाल्या, "बाकी सब लेके जाव. वो दूसरा लफ्ज़ इधर छोड़ दो." तिच्याकडूनच तो त्यांनी काउंटरमागच्या भिंतीवर, आपल्या खुर्चीच्या बरोबर वर, लावून घेतला.

अजून तिथंच आहे. हॉल बुक करायला नवी पार्टी आली की रेड्डीगारू आधी तिकडं बोट दाखवतात. म्हणतात, "देखो, पच्चीस साल का है. मेडम अपने हात से पसंद करके लगवाए."